तोभाची बहीण

माझ्या नोकरीतला बराचसा काळ आलेल्या माणसांना परत पाठवण्यात गेला. सरकारी दवाखाना म्हटल्यावर दुसरं काय होणार, असं कुणाला वाटेल. पण माझं परत पाठवणं तसलं नव्हतं. मी परत पाठवत असे ती मुलं बरी होती म्हणून. आणि ते आईबापांच्या गळी उतरवण्यात माझी जेवढी शक्ती गेली तेवढी एखाद्या तोतऱ्याला बोलतं करण्यात गेली नसेल.

नाशिकच्या एका सरकारी दवाखान्यात, कान-नाक-घसा विभागाच्या अगदी टोकाला माझी खोली होती. मुंबईला या विषयाचं शिक्षण घेऊन मी सत्तरच्या दशकात इथे रुजू झाले, तेव्हा असं काही शिक्षण असतं हे आमच्या घरातल्यांनाही पटलेलं नव्हतं. दारावर ‘स्पीच थेरपी’ अशी पाटी होती. ती वाचून एकदा नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे राहिलेले एक गृहस्थ आले आणि म्हणाले, “बाई, परवा सभा आहे. तेवढं स्पीच बसवून द्या.” मी त्यांना सांगितलं की इथे लहान मुलांचे उच्चार दुरुस्त करतात. ते जरा विचार करून म्हणाले, “मग आमच्या विरोधकांना पाठवतो.” ते निवडून आले की नाही, आठवत नाही. माझ्याकडे मात्र विरोधक कुणी आले नाहीत.

बोबडं बोलणाऱ्या मुलाबद्दल लोकांना दोनच उपाय ठाऊक होते. एक म्हणजे जिभेवर वेखंड उगाळून लावायचं, आणि दुसरा म्हणजे जिभेखालची शीर कापायची. वेखंड लावून थकलेले लोक ‘तेवढी शीर कापून टाका’ म्हणत माझ्याकडे येत. मी पोराला जीभ बाहेर काढायला लावायची, वर, खाली, डावी, उजवी. जीभ झकास फिरत असे. मग मी विचारायची, “वय किती?” आणि इथून खरं काम सुरू व्हायचं.

बाहेरच्या माणसाला सांगायचं तर आमचं काम तीन प्रश्नांचं. या मुलाला उपचाराची गरज आहे का? असेल तर कुठल्या अक्षरापासून सुरुवात करायची? आणि घरी कुणाला हाताशी धरायचं? प, त, क अशी अक्षरं मुलं लवकर उचलतात. स, श मागून येतात. र तर अगदी शेवटी, लग्नाला उशिरा पोचणाऱ्या पाहुण्यासारखा. म्हणून तीन वर्षांचं पोर ‘राम’ला ‘लाम’ म्हणत असेल तर त्याला घरी न्यावं, खायला घालावं आणि गप्पा माराव्यात. ओझरच्या विमान कारखान्यात काम करणारे एक गृहस्थ असाच तीन वर्षांचा मुलगा घेऊन आले होते. म्हणाले, “आमच्याकडे भागात एवढासा दोष दिसला तरी आम्ही तो पुढे जाऊ देत नाही.” मी म्हटलं, “तुमचा भाग तयार होऊन आलेला असतो, हा अजून तयार होतोय.” त्यांना ते काही पटलं नाही. दोन-तीन वर्षांनी भेटले तेव्हा मुलगा खणखणीत ‘र’ म्हणत होता. श्रेय त्यांनी वेखंडाला दिलं.

सटाण्याकडचा एक मुलगा तर मास्तरांनी ‘वाचादोष’ अशी चिठ्ठी देऊन पाठवला होता. मी त्याच्या आईशी बोलत बसले. ती म्हणाली, “आमना पोऱ्या चांगला बोलस, बाई. मास्तरलेच समजत नही.” आई आणि मुलगा दोघं एकाच अहिराणीत, एकाच सुरात बोलत होते. त्यात दोष कसला? मी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

पण कुसुमला मी परत पाठवलं नाही. तिच्याविषयीच सांगायला बसले आहे.

जानेवारीतली थंडी होती. काशिनाथ नावाचा एक फुलशेती करणारा गृहस्थ दोन मुली घेऊन आला. शहराला लागूनच त्याचा मळा होता. सकाळी सायकलवर झेंडूची पाटी बांधून तो सराफ बाजाराजवळच्या फुलबाजारात यायचा. धाकटी कुसुम सात वर्षांची, थोरली शोभा नऊ-दहाची. मी धाकटीला नाव विचारलं. ती म्हणाली, “तुतुम.” लगेच थोरली म्हणाली, “कुसुम म्हणतीय ती.” मी विचारलं, काय खाल्लंस सकाळी? कुसुम भराभर काहीतरी बोलली. माझ्या कानाला त्यात नुसतं त, द, त, द ऐकू आलं. शोभा म्हणाली, “ती म्हणती, गूळ-भाकर खाल्ली, पण चहा सांडला म्हणून आई रागावली.” मी पुढचं विचारलं, कुसुम बोलली, शोभाने सांगितलं. दुभाष्या घेऊन बसलेल्या परदेशी पाहुण्यासारखी कुसुम आरामात पाय हलवत होती.

तिच्या बोलण्याची तऱ्हा लगेच लक्षात आली. क, च, स, श या सगळ्यांच्या जागी ती त म्हणायची, ग, झ यांच्या जागी द, आणि ठच्या जागी थ. शाळा म्हणजे ताळा, गुलाब म्हणजे दुलाब, सकाळ म्हणजे तताळ. बहिणीला ती ‘तोभा’ म्हणे. सात वर्षांच्या मुलीला हे शोभणारं नव्हतं. ऐकू उत्तम येत होतं, जीभ ठणठणीत होती, डोकं तर माझ्यापेक्षा चलाख. फक्त जिभेचा मागचा भाग उचलायचा असतो ही बातमी तिच्यापर्यंत पोचली नव्हती.

मी सहज शोभाला विचारलं, “तू कितवीत?”

“पहिलीत.”

मला वाटलं, नापास झाली असेल. ते तिला जाणवलं. मान ताठ करून म्हणाली, “मी दुसरी पास झालेय. पहिल्या नंबरानं.”

मग काशिनाथने उलगडा केला. गेल्या जूनमध्ये कुसुमला पहिलीत घातलं तेव्हा ती काय बोलते हे गुरुजींना कळेना. शाळेचे पगारे गुरुजी भला माणूस. त्यांना मुलगी शाळेबाहेर राहावी असं वाटत नव्हतं. त्यांनी तोड काढली, की शोभाने थोडे दिवस पहिलीच्या वर्गात बहिणीजवळ बसावं आणि ती बोलेल ते सांगावं. थोडे दिवस म्हणता म्हणता वर्ष सरत आलं. शोभा तिसरीत जायची ती पहिलीतच बसून राहिली. काशिनाथला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

“आता जूनमधी दोघी दुसरीत जातील,” तो म्हणाला. “एकच पुस्तक दोघींला पुरतं. आन् ही चौथी झाली का मळ्यात घ्यायचीच हाय. लय मोठी दिसाया लागली.”

तो वाईट माणूस नव्हता. दोन्ही पोरींच्या वेण्यांत गुलाबाची फुलं होती, आणि ती त्यानेच खुडलेली होती. पण मी शोभाकडे पाहिलं. ती भिंतीवरचा जिभेचा तक्ता वाचत होती, प्रत्येक शब्द ओठ हलवत. मला फार वाईट वाटलं. सात वर्षांची मुलगी बोबडी राहिली तर काही आकाश कोसळत नाही. आज ना उद्या ती शिकली असती. पण थोरलीची वर्षं जात होती, आणि कुणी ती हिसकावून घेत नव्हतं. सगळे प्रेमानेच घेत होते. मी काशिनाथला म्हटलं, “जूनपर्यंत कुसुमचं बोलणं गुरुजींना कळायला लागलं, तर शोभाला तिसरीत बसवाल?”

“कळालं तर बसवू की. मंग तिचं काय काम तिथं?”

ठरलं. आठवड्यातून दोन दिवस, फुलं विकून झाली की तो दोघींना माझ्याकडे सोडणार होता.

आता सुरुवात कुठून? शिकताना आम्हाला बजावलेलं असे की मुलाला जे अक्षर दाखवल्यावर थोडंफार जमतं तिथून सुरू करा. पहिलं यश लवकर मिळालं की मूल आणि आई दोघंही टिकतात. कुसुमला आरशासमोर बसवून ‘स’ दाखवला, तर दात मिटून ती सापासारखा फुत्कार काढू लागली. म्हणजे ‘स’ हाताशी होता. ‘क’ मात्र काही केल्या येईना. शिस्तीने पाहिलं तर ‘स’ घ्यायला हवा होता.

मी ‘स’ घेतला नाही. कारण पगारे गुरुजींना भेटून आले होते. मी विचारलं, वर्गात ती काय बोलते? ते म्हणाले, “सांगितलं तेवढं म्हणायचा प्रयत्न करते. विचारत मात्र कधीच काही नाही. जे विचारायचं ते बहिणीला.” परत येताना बसमध्ये माझ्या डोक्यात लख्ख झालं. आपल्या भाषेत विचारायचं म्हटलं की तोंडातून ‘क’ निघतो. काय, कोण, कुठे, कधी, किती, का. ज्या मुलीला ‘क’ येत नाही तिला प्रश्नच येत नाही. सगळी अक्षरं जूनपर्यंत होणार नव्हती. तिने स्वतः विचारावं एवढं झालं तर शोभा सुटत होती. म्हणून अवघड असूनही ‘क’ आधी आणि त्याच्या जोडीला ‘ग’. ‘स’, ‘श’ पुढच्या वर्षी, आणि ‘र’ जेव्हा यायचा तेव्हा. आमच्या मोठ्या डॉक्टरांना मी हे सांगितलं तर ते म्हणाले, “अवघड गणित आधी सोडवायला घेताय. नापास झालात तर?” नापास झाले असते तर माझं काही बिघडत नव्हतं, हीच खरी अडचण होती.

‘क’ शिकवायला फार मोठी यंत्रं लागत नाहीत. पाण्याचा पेला लागतो. घोटभर पाणी घेऊन मान वर करून गुळण्या करायच्या, म्हणजे जिभेच्या मागच्या भागाला जाग येते. कुसुमला गुळण्या भयंकर आवडल्या. माझी खोली, तिचा झगा, शोभाची ओढणी सगळं ओलं. मग तिला तपासायच्या टेबलावर उताणी झोपवायचं, डोकं काठावरून थोडं खाली. जीभ आपोआप मागे घसरते. लाकडी पट्टीने शेंडा हलकेच दाबून धरायचा, म्हणजे तिला ‘त’ म्हणता येत नाही, आणि म्हणायचं, “अक्.” कित्येक आठवडे नुसते घशातले आवाज निघाले. काशिनाथ दारात येऊन बघायचा आणि म्हणायचा, “बाई, हे तर आमचं कोंबडं बी करतं.” मी हसायची, पण मनातून धास्तावले होते.

होळीच्या सुमारास एका सकाळी, टेबलावर उलटी लोंबकळत असताना कुसुम म्हणाली, “अक्.” स्वच्छ. तिचं तिलाच नवल वाटलं. उठून बसली आणि “अक् अक् अक्” करत शोभाच्या मागे पळाली. त्यानंतर ‘का’, ‘की’, ‘काका’, ‘ताक’ भराभर आले. मी खूश झाले. पण माझ्या खोलीत ‘काका’ म्हणणारी ही पोरगी दाराबाहेर पाऊल टाकताच ‘ताता’ म्हणायची. माझ्याकडचा ‘क’ माझ्याकडेच ठेवून जायची. एप्रिल उजाडला तरी तेच.

म्हणून मी एका रविवारी तिच्या घरी गेले. मळ्यातलं घर, पुढे ओटा, बाजूला झेंडूचे वाफे. कुसुमची आई चुलीपाशी होती. मला पाहून काशिनाथ तिला म्हणाला, “बाई आल्या, तहा तर.” मला वाटलं, गंमत करतोय. तेवढ्यात आई म्हणाली, “तोभे, ताखर दे.” मग काशिनाथ गोठ्याकडे पाहून गाईला “दाय, दाय” म्हणाला. मी पाहतच राहिले. अख्खं घर कुसुमच्या भाषेत बोलत होतं. लेकीचं बोलणं कुणाला कळत नाही म्हणून तिला एकटं वाटू नये, यासाठी घरच्यांनी तिची भाषा शिकून घेतली होती. सुरुवातीला तिच्याशी बोलताना, मग सवयीने आपसातही. जिथे सगळं जग आपल्यासारखं बोलतं तिथे आपण का बदलायचं? मी तिच्या जागी असते तर मीही बदलले नसते.

चहा घेऊन मी त्यांना समजावलं. आजपासून सगळ्यांनी सरळ बोलायचं. आणि ‘क’च्या जागी कुसुम ‘त’ म्हणाली तर कळूनही कळलं नाही असं करायचं. फक्त ‘क’साठी. बाकीचं सगळं कळू द्यायचं. आईबाप ‘बरं’ म्हणाले. मी निघाले तेव्हा शोभा पायरीपाशी येऊन हळूच म्हणाली, “बाई, मला कळतं ना पण. मग नाय कळलं कसं म्हणू? खोटं होईल.”

मी म्हटलं, “तुला तिसरीत जायचंय ना?”

तिने मान हलवली. पण ती हो म्हणाली की नाही म्हणाली, ते मला कळलं नाही.

पुढच्या रविवारी मी पुन्हा गेले. ओट्यावर शोभा कैरी कापत होती, मीठ-तिखट लावून. कुसुम धावत आली. “तोभा, तैली दे.”

शोभाने कैरीची फोड उचलली. माझ्याकडे पाहिलं. मग खाली बघत म्हणाली, “कळलं नाय.”

कुसुम हसली. तिला तो खेळ वाटला. “तैली,” ती पुन्हा म्हणाली, बोट दाखवत.

“कळलं नाय, कुसुम.”

कुसुमचं हसू गेलं. ओळखीच्या माणसाने अचानक ओळख दाखवली नाही की बघतात, तसं तिने बहिणीच्या तोंडाकडे पाहिलं. मग तिने तिला मारलं, मातीत बसली, मोठ्याने रडायला लागली. शोभाही रडत होती. फोड हातात तशीच, आणि गालावरून पाणी ओघळतंय. आई आतून उठून आली, तिला मी हाताने थांबवलं. मला स्वतःला उठून ती कैरी पोरीच्या तोंडात घालावी असं वाटत होतं. किती वेळ गेला, सांगता येत नाही. मग कुसुम हुंदके देत थांबली, मान वर केली, गुळणी करतात तशी, आणि म्हणाली, “क... कैली.”

शोभाने तिला सगळी वाटीच देऊन टाकली. दोघींनी मिळून ती संपवली, तिखटाने आणि रडण्याने नाकं लाल झालेली. ‘र’च्या जागचा ‘ल’ मी सोडून दिला. त्याला अजून वेळ होता.

त्यानंतर गाडी रुळावर आली. मे महिन्यात कुसुम घरभर प्रश्न विचारत सुटली. काय करतो, कुठं चालला, किती दिलं. काशिनाथ म्हणायचा, “बाई, आता हिला थोडी बंद करायचं औषध द्या.”

शाळा सुरू झाली त्या दिवशी मी रजा काढून गेले. आमच्या कामात कुणाला एवढी हौस नसते, पण मला राहवलं नाही. दोन खोल्यांची शाळा, एकीत पहिली-दुसरी, दुसरीत तिसरी-चौथी. पगारे गुरुजींनी शोभाला पलीकडच्या खोलीत बसवलं आणि कुसुमला आपल्यासमोर. मी दाराशी उभी होते. गुरुजींनी तिला काही विचारायच्या आतच ती उभी राहिली. सबंध वर्गाकडे एकदा नजर फिरवली, आणि गुरुजींना म्हणाली, “गुलुजी, तोभा कुथंय?”

शाळेत तिने आपल्या तोंडाने विचारलेला तो पहिला प्रश्न. ‘ग’ स्वच्छ, ‘क’ स्वच्छ. बाकीचं आम्ही उधार ठेवलेलं होतं.

“तिसरीत,” गुरुजी म्हणाले.

कुसुमने थोडा विचार केला आणि खाली बसली. पलीकडच्या खोलीत शोभाला ते ऐकू गेलं असणार, मधली भिंत काही फार जाड नव्हती. मी डोकावले. ती पुस्तकात डोकं घालून बसली होती. पान उलटत नव्हती, पण उठलीही नाही.

दुसऱ्या वर्षी ‘स’ आणि ‘श’ घेतले. ते सहज आले. एके दिवशी माझ्या खोलीत कुसुम आरशासमोरून वळली आणि म्हणाली, “शोभा, बघ.” बाकावर बसलेल्या शोभाने मान वळवून दाराकडे पाहिलं, कोण आलंय म्हणून. आपल्यालाच हाक मारली हे लक्षात आलं तेव्हा ती हसली. मीही हसले. पण घरी जाताना ते हसू काही माझ्याबरोबर आलं नाही. आमच्या कामात मूल बरं झालं की फाईल बंद होते. त्या घरातून नेमकं काय गेलं, याची नोंद करायला तिच्यात जागा नसते.

शोभा सातवी झाली. पुढची शाळा लांब होती, काशिनाथने पाठवलं नाही. मी दोनदा सांगून पाहिलं. चौथीनंतर मळ्यात जायची ती सातवीपर्यंत पोचली, एवढ्यावर समाधान मानायला मी शिकले आहे, पण पूर्ण नाही. तिची बुद्धी आणखी कुठवर गेली असती, हा विचार अजूनही येतो.

ऐंशीच्या दशकात, दसऱ्याच्या आदल्या दिवशी मी फुलबाजारात गेले होते. झेंडूच्या ढिगामागून एक आवाज येत होता, सबंध बाजार डोक्यावर घेणारा. कुसुम. काशिनाथ थकला होता, आता गाळा तीच बघायची. तिने मला ओळखलं, माझ्या पिशवीत ओंजळी ओंजळीने फुलं ओतली. शेजारी शोभा बसली होती, सणाला माहेरी आलेली, लग्न होऊन सिन्नरला असते म्हणाली. तिच्या पदराशी दोन-अडीच वर्षांची मुलगी फुलांच्या पाकळ्या तोडत होती. माहेरी सगळे आपल्याला नावानेच हाक मारतात, म्हणून लेकही आई न म्हणता नावानेच हाक मारते, असं शोभा कौतुकाने सांगत होती.

मग म्हणाली, “बाई, हीसुद्धा तशीच बोलते. क, श काही नाही. सगळं त.”

सवयीने मी पोरीकडे पाहिलं. जीभ, ओठ, कान. म्हटलं, “या वयाला सगळीच बोलतात. आणायची गरज नाही. वर्षा-दोन वर्षांत आपोआप जाईल.”

“लवकर जाऊ दे बाई,” कुसुम म्हणाली, “लय बोबडं लागतं कानाला. मी पण अशी बोलायचे म्हणे! मला तर काय एक आठवत नाय.” आणि गिऱ्हाइकाकडे वळली.

शोभाने बहिणीच्या पाठीकडे पाहिलं. मग मला म्हणाली, “घाई नाही, बाई.”

तेवढ्यात त्या चिमुरडीने मूठभर पाकळ्या वर धरल्या आणि हाक मारली, “तोभा!”

आणि शोभाने ओ दिली.